वहिवाट की अतिक्रमण? मणिबेलीच्या तळ्याकाठी

१

'तळे' हा आपल्या चळवळीत साधा शब्द नाही. तो उच्चारला की महाड आठवते, २० मार्च १९२७ हा दिवस आठवतो आणि पाण्याकडे झुकलेली ओंजळ डोळ्यांपुढे उभी राहते. आमची पिढी या एका तळ्याच्या काठावरच शिकली, मग कोणी प्रत्यक्ष महाड पाहिलेले असो वा नसो. मी स्वतः पन्नाशीला येईपर्यंत महाडला गेलो नव्हतो. त्याच्या कितीतरी आधी मी दुसऱ्याच एका तळ्याच्या काठी जाऊन आलो होतो. पहिल्यांदा गेलो तेव्हा ते तळे नव्हते, नदी होती. दुसऱ्यांदा गेलो तेव्हा नदी नव्हती आणि मी पाहिलेले गावही नव्हते. त्या गावाचे नाव मणिबेली. आज ते नंदुरबार जिल्ह्याच्या अक्कलकुवा तालुक्यात आहे. मी पहिल्यांदा गेलो त्या वेळी हा सारा मुलूख धुळे जिल्ह्यात मोडत होता. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी झाला.

मणिबेली हे सरदार सरोवराच्या पाण्यात बुडालेले महाराष्ट्रातील पहिले गाव. ते बुडाले १९९३च्या पावसाळ्यात. या गावाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु आपल्या नियतकालिकांतून, म्हणजे ज्यांनी पाण्याचा प्रश्न हा माणुसकीचा प्रश्न आहे हे या देशाला पहिल्यांदा सांगितले त्यांच्या पानांवरून, या गावाविषयी जेवढे लिहिले जायला हवे होते तेवढे लिहिले गेलेले नाही. त्याची कारणे शोधावीत आणि त्यात माझा स्वतःचा वाटा किती हेही तपासावे, यासाठी हा लेख.

२

आधी गाव कसे होते ते सांगितले पाहिजे. बुडालेल्या गावांचा भूगोल आता माणसांच्या आठवणीतच उरला आहे.

नर्मदा महाराष्ट्रात शिरत नाही. ती महाराष्ट्राला बाजूने स्पर्श करून जाते. सुमारे ५४ किलोमीटर ती राज्याची सीमा होऊन वाहते. पलीकडच्या काठावर आधी मध्य प्रदेश, मग गुजरात. अलीकडे सातपुडा. अक्राणी आणि अक्कलकुवा या दोन तालुक्यांचे डोंगर थेट पाण्यापर्यंत उतरलेले. या काठाचे पश्चिमेकडचे शेवटचे गाव मणिबेली. तालुक्याच्या गावापेक्षा धरणाची भिंत त्याला जवळ.

१९९२च्या उन्हाळ्यात मी तिथे गेलो. तेव्हा मी तळोदा तालुक्यात शिक्षक होतो. एस.टी. जिथे संपते तिथून दिवसभर पायी चालावे लागले. सपाटीवरच्या माणसाच्या डोक्यात गाव म्हणजे घरांचा पुंजका असतो: मध्ये मारुती, एका बाजूला पाटलाची माडी आणि वेशीबाहेर महारवाडा. मणिबेलीला वेसच नव्हती. डोंगराच्या एकेका खांद्यावर एकेक घर, घराभोवती त्याचे शेत, चारपाच घरे मिळून पाडा, आणि असे पाडे मिळून गाव. ज्या गावाला वेस नाही त्याला वेशीबाहेर कोणाला ठेवता येत नाही. ही गोष्ट माझ्या तेव्हाच लक्षात आली आणि ती मी विसरू शकलो नाही.

घरे सागाच्या खांबांची, कुडाच्या भिंतींची, मोठी आणि हवेशीर. आत कणग्या, एका बाजूला गुरे. शेतात ज्वारी, मका, तूर, उडीद आणि डोंगरउतारावर होणारी बारीक धान्ये. फाल्गुन-चैत्रात मोहाची फुले, नंतर तेंदूपाने, चारोळी, डिंक. नदीत मासे. नदी ओसरली की काठच्या वाळूत आणि गाळात वेल लावायचे. बाजारातून आणायचे ते मीठ, तेल, कापड. ज्याला आम्ही सपाटीवर गरिबी म्हणतो तिची सगळी चिन्हे तिथे होती. पण कर्ज फारसे नव्हते आणि कोणाच्या दारात सालदार म्हणून राबणे नव्हते. शेताचे मोठे काम निघाले की पाड्यातली माणसे गोळा व्हायची, काम उरकायची आणि त्या घरी जेवून जायची. या पद्धतीला तिथे लाहा म्हणतात. तिच्यात मजुरी नाही आणि मालकही नाही.

माणसे भिल्ल, कोणी वसावे, कोणी तडवी. वरच्या अंगाला, अक्राणीत, पावरा. याहा मोगी ही त्यांची थोर माता; तिची देवमोगऱ्याची यात्रा गुजरातेत भरते. होळी हा त्यांचा वर्षाचा मोठा सण; काठीची होळी दूरदूरच्या पाड्यांतून माणसे खेचून आणते. मणिबेलीच्या सोयरिकी नदीपलीकडे होत्या. नदीला उतार होते, होड्या होत्या, आणि तीन राज्यांची सीमा ही त्यांच्या दृष्टीने अलीकडची गोष्ट होती. ही नदी गावाची हद्द नव्हती. ती गावाच्या मधोमध असलेल्या रस्त्यासारखी होती.

३

या मुलखाचा लिखित इतिहास पाहिला तर तो दुसऱ्यांनीच लिहिलेला आहे. नर्मदेच्या परिक्रमेला जाणाऱ्यांच्या वर्णनांत या भागाला 'शूलपाणीची झाडी' म्हणतात. त्या वर्णनांत इथला भिल्ल एकाच कामासाठी येतो: तो परिक्रमावासीयांना लुटतो. त्याच्या घरी काय शिजते, तो कोणते दाणे पेरतो, हे त्या भाविकांनी विचारले नाही. १८१८मध्ये खानदेश इंग्रजांच्या हाती गेला. १८२५मध्ये आऊट्रमने भिल्ल कोअर उभी केली. तिचे ठाणे धरणगावला होते. ज्यांना लुटारू म्हटले त्यांच्यातूनच शिपाई भरती करून त्यांच्याच भावांना वठणीवर आणायचे, हे सूत्र. आपण महार पलटणीचा इतिहास जाणतो. हे सूत्र आपल्याला परके वाटू नये.

त्यानंतर जंगलाचा कायदा आला. १८७८च्या कायद्याने राखीव जंगल ही सरकारची मालमत्ता झाली. सपाटीवर शेतवार मोजणी झाली, सातबारा झाला, सावकाराने त्याच कागदाच्या आधारे भिल्लांच्या जमिनी गिळल्या. शहाद्याला १९७२ साली अंबरसिंग महाराज आणि श्रमिक संघटना यांनी जो लढा उभारला तो याच गिळलेल्या जमिनींसाठी होता. डोंगरात उलटे घडले. काठीसारख्या मेवासी संस्थानांचा प्रदेश असो की अक्राणीची वनगावे असोत, तिथे शेतवार मोजणी पिढ्यान्‌पिढ्या झालीच नाही. म्हणजे सपाटीवरच्या भिल्लाची जमीन कागद असल्यामुळे गेली आणि डोंगरातल्या भिल्लाची जमीन कागद नसल्यामुळे!

यातून एक शब्द जन्माला आला: अतिक्रमण. जो माणूस आजोबाने साफ केलेल्या उतारावर पेरतो तो अतिक्रमणदार. वन खाते त्याला दंड करी. दंडाची पावती मिळे. पुढे शासनाने ठरवले की ३१ मार्च १९७८पूर्वीची अशी लागवड नियमित करावी. मग प्रश्न आला पुराव्याचा. आणि पुरावा कोणता? दंडाची पावती! ज्याला जास्त वेळा गुन्हेगार ठरवले त्याचा हक्क अधिक पक्का. ज्याला कोणी हटकलेच नाही त्याच्याजवळ दाखवायला काही नाही.

मणिबेलीत ज्या म्हाताऱ्याच्या घरी मी उतरलो होतो त्याने रात्री वेळूची एक नळी काढली. तिच्यात दोन पावत्या गुंडाळून ठेवल्या होत्या. "गुरुजी, वाचून सांगा, यात माझे नाव बरोबर आहे का?" मी वाचले. एकात त्याचे नाव होते, दुसऱ्यात त्याच्या बापाचे, आणि तेही चुकलेले. मी म्हटले, "बाबा, एक बरोबर आहे." त्याने दोन्ही पुन्हा नळीत ठेवल्या.

मला माझ्या वडिलांची पत्र्याची पेटी आठवली. वडिलांनी गावच्या गायरानात दोन एकराचा तुकडा कसायला घेतला होता, दादासाहेब गायकवाडांच्या भूमिहीनांच्या सत्याग्रहाचे वारे त्या वेळी खानदेशातही होते. १९५९चा तो लढा आणि पुढे १९६४-६५चा देशव्यापी लढा. वडिलांना दंड झाला, पीक जनावरांकडून चारले गेले, पावत्या पेटीत राहिल्या. १४ एप्रिल १९९०पर्यंतची गायरानावरची अतिक्रमणे नियमित करण्याचा शासन निर्णय १९९१ साली निघाला तेव्हा त्याच पावत्या बाहेर काढाव्या लागल्या. अतिक्रमणदार हा शब्द माझ्या घरात आधीपासूनच राहत होता. वेळूच्या नळीत तो मला नव्याने सापडला, एवढेच.

४

आता महाडकडे वळू. हे दोन प्रसंग मी ओढून ताणून जोडत नाही. त्यांना जोडणारा धागा कायद्याचा आहे.

४ ऑगस्ट १९२३ रोजी रावबहादुर बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदे कौन्सिलात मंजूर झाला आणि सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले झाले. १९२४मध्ये महाड नगरपालिकेने आपले तळे खुले केल्याचा ठराव केला. ठराव कागदावर राहिला म्हणून १९ व २० मार्च १९२७ची परिषद भरली आणि माणसे तळ्यापर्यंत चालत गेली. त्यानंतर सवर्णांनी हल्ला केला, तळ्याचे शुद्धीकरण केले, आणि ते कोर्टात गेले. त्यांचे म्हणणे काय होते? हे तळे 'चौधरी तळे' असून खाजगी आहे आणि अस्पृश्यांनी त्याला न शिवण्याची अनादि काळापासूनची वहिवाट आहे. डिसेंबर १९२७च्या दुसऱ्या परिषदेच्या तोंडावर त्यांनी तात्पुरता मनाई हुकूमही मिळवला. खटला दहा वर्षे चालला. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने निर्णय दिला तो बाबासाहेबांच्या बाजूने. न्यायालयाने म्हटले की अशी अनादि वहिवाट वादींना सिद्ध करता आलेली नाही.

या निकालाचा अर्थ आपण नेहमी विजयाच्या अंगाने सांगतो, आणि ते योग्यच आहे. पण त्यात आणखी एक गोष्ट आहे. माणसाला पाण्यापासून दूर ठेवण्याची रूढी सुद्धा 'वहिवाट' म्हणून न्यायालयात उभी राहू शकली. तिला दहा वर्षे बोलायला मिळाले, वकील मिळाले, मनाई हुकूम मिळाला. ती हरली, परंतु तिचे ऐकून घेतले गेले.

मणिबेलीच्या माणसाचीही वहिवाट होती. कोणालाही वर्ज्य न करणारी, कसण्याची, चारण्याची, मासे धरण्याची, मेलेल्यांना पुरण्याची. ती खरोखर जुनी होती. पण तिला वहिवाट हा शब्दच मिळाला नाही. तिचे नाव अतिक्रमण. एकच कृती. करणारा कोण, यावर ती हक्क ठरते की गुन्हा ठरते. जातिव्यवस्थेने ज्या तऱ्हेने आपल्याशी व्यवहार केला तिचे हेच सार आहे. म्हणून मी म्हणतो की मणिबेलीचा प्रश्न हा केवळ पर्यावरणाचा किंवा विकासाच्या नमुन्याचा प्रश्न नाही; महाडला जो प्रश्न विचारला गेला तोच इथे उरलेला आहे. महाडला आपल्याला पाण्यापर्यंत येऊ दिले जात नव्हते. मणिबेलीला पाणीच माणसांच्या घरांत आणून सोडले. दोन्ही वेळा पाण्याचा निर्णय काठावरच्या माणसाला न विचारता झाला.

५

या पाण्याची हकीकत थोडक्यात अशी. ५ एप्रिल १९६१ रोजी पंडित नेहरूंनी धरणाची कोनशिला बसवली. राज्यांत भांडण झाले, १९६९मध्ये लवाद नेमला गेला, १९७९मध्ये त्याचा निवाडा लागू झाला. पाण्यातून महाराष्ट्राला पाव दशलक्ष एकर-फूट मिळाले, विजेतून २७ टक्के, आणि बुडिताची ३३ गावे, सगळी अक्कलकुवा व अक्राणी तालुक्यांतील. तिन्ही राज्यांत मिळून बाधित गावे २४५. मी मणिबेलीला गेलो तेव्हा त्या गावात विजेचा एकही खांब नव्हता. २७ टक्के कोणासाठी, हा प्रश्न तिथल्या अंधारात आपोआप पडे.

निवाड्यात चांगल्या गोष्टीही होत्या. ज्याची चतुर्थांशाहून अधिक जमीन बुडते त्याला किमान दोन हेक्टर ओलिताची जमीन, सज्ञान मुलगा हे स्वतंत्र कुटुंब, आणि पुनर्वसन झाल्याखेरीज बुडवायचे नाही. परंतु जमीन मिळायची ती 'जमीनधारकाला'. जमीनधारक कोण, हे कागद सांगणार. आणि कागदाची गोष्ट वर सांगितलीच आहे. १९८५मध्ये जागतिक बँकेने ४५ कोटी डॉलरचे कर्ज दिले. बँकेनेच नेमलेल्या मोर्स समितीने जून १९९२च्या अहवालात याच दुखण्यावर बोट ठेवले: ज्यांना अतिक्रमणदार म्हणून बाजूला सारले तेच बुडिताचे मुख्य बळी आहेत. मार्च १९९३मध्ये उरलेले कर्ज न घेण्याचे भारत सरकारने ठरवले. बँक गेली, पाणी थांबले नाही.

१९९१पासून नर्मदा बचाव आंदोलनाचा पावसाळी सत्याग्रह मणिबेलीत सुरू झाला होता. १९९३मध्ये पाणी चढले, पोलिसांनी माणसे उचलून नेली, घरे गेली. त्याच वर्षी नोव्हेंबरात, सर्वेक्षणाला विरोध करणाऱ्या जमावावर अक्राणी भागात पोलिसांचा गोळीबार झाला आणि रेहमल पुन्या वसावे हा पंधरा वर्षांचा मुलगा मारला गेला. १९९४मध्ये मणिबेलीजवळचे शूलपाणेश्वराचे जुने मंदिर बुडाले. देवासाठी गोरा येथे उंचावर नवे मंदिर बांधून मिळाले. देवाला कोणी सातबारा मागितला नाही. त्याच वर्षी ४४ देशांतल्या ३२६ संघटनांनी मोठ्या धरणांना जागतिक बँकेने पैसा देऊ नये असा जाहीरनामा काढला. त्याला नाव दिले 'मणिबेली जाहीरनामा'. अक्कलकुव्यातही ज्याचा पत्ता धड सांगता येत नसे त्या पाड्याचे नाव जगभर गेले.

पुढे सर्वोच्च न्यायालयाने १९९५मध्ये काम थांबवले, १८ ऑक्टोबर २०००च्या निकालाने पुन्हा सुरू केले. ९० मीटर, ९५, १००, ११०.६४, १२१.९२, आणि शेवटी १३८.६८. दर टप्प्याला एक पावसाळा आणि दर पावसाळ्याला काही घरे. धनखेडी, चिमलखेडी, निमगव्हाण, डोमखेडी, भादल ही नावे वर्तमानपत्रात त्या त्या पावसाळ्यापुरती येत व ओसरत. सप्टेंबर २०१७मध्ये धरणाचे लोकार्पण झाले आणि सप्टेंबर २०१९मध्ये ते पहिल्यांदा काठोकाठ भरले. २१४ किलोमीटर लांबीचे तळे तयार झाले.

६

इथे मला माझ्या गावाविषयी बोलले पाहिजे.

विस्थापितांना जमीन द्यायची म्हणून १९९०मध्ये तळोद्याच्या जंगलातील २,७०० हेक्टर क्षेत्र केंद्र सरकारने मोकळे केले. ते 'जंगल' रिकामे नव्हते. तळोद्याकडचेच भूमिहीन आदिवासी तिथे आधीपासून कसत होते, अर्थातच अतिक्रमणदार म्हणून. म्हणजे एका अतिक्रमणदाराला उठवून दुसऱ्याला बसवायचे. भिल्लाला भिल्लाविरुद्ध उभे करण्याचे आऊट्रमचे सूत्र इथे मोजणीच्या साखळीने पुन्हा वापरले गेले. काही मणिबेलीकर गुजरातेत परवेट्याला गेले, काही तळोद्याकडे सोमावळच्या बाजूला आले, काही गेलेच नाहीत. डोंगरावर आणखी वर सरकले.

जे आमच्या तालुक्यात आले त्यांना आम्ही कसे वागवले? आमच्या वस्तीतल्या चावडीवर, बाबासाहेबांच्या फोटोखाली बसून, आमचीच माणसे म्हणत होती, "डोंगरातले भिलटे आले, आता मजुरी पडणार." मी तिथे होतो. मी शिक्षक होतो, मला बोलता येत होते, मी बोललो नाही. आमच्या विहिरीवर त्यांच्या बायांनी हंडे आणले तेव्हा "आधी आमचे होऊ द्या" असे जे शब्द निघाले, ते कोणाकडून शिकलेले होते हे मला नीट ठाऊक होते. ज्यांची ओंजळ महाडला झुकली त्यांच्या नातवांच्या तोंडी ते शब्द आले. ही गोष्ट मी कोणाला लाजवण्यासाठी सांगत नाही. जातिव्यवस्था ही उतरंड आहे, प्रत्येकाला खाली पाहायला कोणीतरी ठेवलेले असते, हे बाबासाहेबांनी सांगितलेले आपण पाठ करतो. ते आपल्या विहिरीवर कसे दिसते तेही पाहिले पाहिजे.

आणखी एक अडचण आपल्या विचारातली आहे. अनेक कार्यकर्ते मला विचारत: "बाबासाहेब तर धरणांच्या बाजूचे होते, मग तुम्ही काय म्हणता?" खरे आहे. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात श्रम खात्याचे सदस्य असताना सिंचन आणि वीज ही खाती त्यांच्याकडे होती. दामोदर आणि महानदीच्या योजनांना त्यांनी चालना दिली. १९४५मध्ये जलमार्ग, सिंचन व नौकानयनाचा केंद्रीय आयोग त्यांच्याच काळात स्थापन झाला, आणि नर्मदेची पहिली पाहणी पुढे याच आयोगाने हाती घेतली. हे लपवण्याचे कारण नाही. पूर आणि दुष्काळ या दैवाच्या गोष्टी नाहीत, विज्ञानाने त्यांवर मात करता येते, हा त्यांचा विश्वास होता. आणि ज्याला पिढ्यान्‌पिढ्या पाणी नाकारले गेले त्याने पाणी साठवण्याच्या शास्त्राचे स्वागत करावे यात नवल नाही.

पण बाबासाहेबांचा हवाला देणाऱ्यांनी दोन्ही बाबासाहेब घेतले पाहिजेत. ज्यांनी पाणी साठवायला सांगितले त्यांनीच १९४७च्या 'राज्ये आणि अल्पसंख्याक' या निवेदनात जमीन राज्याच्या मालकीची करून ती जातिधर्माचा भेद न करता कसणाऱ्यांना द्यावी अशी मागणी केली. धरण हवे की नको याचे उत्तर महाडमधून मिळत नाही. मात्र पाण्याचा कोणताही निर्णय बरोबरीच्या नागरिकांनी मिळून केला पाहिजे, हे महाडमधूनच मिळते. मणिबेलीला बरोबरी नव्हती. म्हणून मी धरणाला विज्ञानाच्या नावाने विरोध करत नाही आणि बाबासाहेबांच्या नावाने होकारही देत नाही. मी एवढेच विचारतो की ज्याची जमीन पाण्याखाली गेली त्याची वहिवाट कोणत्या वहीत लिहिली?

७

जानेवारी २०२०मध्ये मी पुन्हा गेलो, या वेळी पाण्यावरून. तळे काठोकाठ होऊन चार महिने झाले होते.

डोंगर तेच होते, पण त्यांचे पाय दिसत नव्हते. जिथे मी त्या म्हाताऱ्याच्या अंगणात झोपलो होतो ती जागा होडीखाली कुठेतरी होती. होडीवाल्याने हाताने दाखवले, "इथे आमचे शेत. तिथे आंब्याची झाडे." तो पाण्याकडे बोट दाखवत होता आणि मी मान हलवत होतो. तो म्हातारा राहिला नव्हता. त्याच्या नातवाचे घर वरच्या धारेवर आहे. घर लहान, खांब जुन्याच घराचे, उतरवून वर नेलेले.

नदीकाठचे गाव आणि तळ्याकाठचे गाव यांत किती फरक असतो ते तिथे कळते. नदीला उतार असतो, तळ्याला नसतो. पलीकडच्या सोयऱ्याकडे जायचे तर आता डिझेल लागते. पूर्वी काठाने पायवाट होती. आता प्रत्येक ओहोळात पाणी आत घुसले आहे आणि शेजारचा पाडा बेटासारखा झाला आहे. पाणी उन्हाळ्यात उतरते तेव्हा वाळू दिसत नाही, गाळ दिसतो. त्यात गुरे रुततात. वाळूतले वेल गेले. नदीतले मासे बदलले. तळ्यात वेगळी जाळी, वेगळी कसब लागते, आणि ती तरुणांनी शिकून घेतली आहे. आजारी माणसाला होडीने न्यायचे. या काठच्या गावांसाठी पाण्यावर तरंगता दवाखानाही चालवावा लागला. बाहेरचे लोक हे तळे पाहायला येतात ते भिंतीच्या पलीकडच्या बाजूला. ३१ ऑक्टोबर २०१८पासून तिथे १८२ मीटर उंचीचा पुतळा उभा आहे, आणि त्याच्या पायथ्याशी येणाऱ्यांना या काठावर गावे आहेत हे कोणी सांगत नाही.

मात्र नुसते रडगाणे गाऊन मी हा लेख संपवणार नाही, कारण तिथली माणसे रडत बसलेली नाहीत. लढ्याच्या काळात, १९९०नंतरच्या पहिल्या वर्षांत, याच काठावर जीवनशाळा सुरू झाल्या. सरकारी शाळा कागदावर होत्या आणि गुरुजी तालुक्याला राहत होते, तेव्हा या लोकांनी स्वतः बांबूच्या शाळा बांधल्या. पाणी चढले तशा त्या वर नेल्या. मी शिक्षक म्हणून सांगतो, पहिलीच्या मुलाला त्याच्या पावरी-भिलोरी बोलीतून शिकवायला सुरुवात करावी ही गोष्ट आमच्या प्रशिक्षणात आम्हांला कोणी गंभीरपणे सांगितली नव्हती. ती मी तिथे पाहिली.

दुसरी गोष्ट २००६च्या वनहक्क कायद्याची. या कायद्याच्या नियमांत वडीलधाऱ्या माणसाची साक्ष, जुन्या खुणा, थडगी, देवस्थाने यांना पुरावा मानले आहे. म्हणजे वहिवाट या शब्दाला प्रथमच डोंगरात पाय ठेवायला जागा मिळाली. २००५पूर्वी बेकायदा विस्थापित झालेल्यांच्या पुनर्वसनाच्या हक्काचेही कलम त्यात आहे. पण ज्याच्या खुणा आणि थडगी पाण्याखाली आहेत त्याने साक्ष कुठे उभे राहून द्यायची? नातवाने मला तीच वेळूची नळी दाखवली. आत त्या दोन पावत्या होत्या. तो बारावीपर्यंत शिकलेला आहे. या वेळी वाचून दाखवायला त्याला माझी गरज नव्हती. तो म्हणाला, "गुरुजी, पणजोबाचे नाव यात चुकले आहे. ते दुरुस्त करण्याचा अर्ज कसा लिहायचा ते सांगा."

आम्ही दोघांनी बसून तो अर्ज लिहिला. मला जे येते ते एवढेच. माझ्या वडिलांच्या पेटीतल्या पावत्यांसाठी मी असे अर्ज पुष्कळ लिहिले आहेत. आपल्या वस्त्यांतून अर्ज लिहू शकणारी, कायदा वाचू शकणारी, कचेरीत ताठ उभी राहू शकणारी तीन पिढ्यांची माणसे तयार झाली आहेत. महाडच्या तळ्याने आपल्याला दिलेली ती मिळकत आहे. २० मार्चला आपण महाडला जातो, जायलाच हवे. पण सातपुड्यातल्या या काठावर ३३ गावांची माणसे आपापल्या नळ्या घेऊन बसली आहेत. तळोद्याहून, शहाद्याहून, नंदुरबारहून तिथे पोचायला एक दिवस लागतो. ज्या विद्यार्थ्यांना, शिक्षकांना आणि कार्यकर्त्यांना सुट्टीचा एक आठवडा काढता येईल त्यांनी कोरे कागद घेऊन जावे, आणि आमच्या विहिरीवर जे शब्द उच्चारले गेले ते परत घ्यायचे असतील तर आधी तिथल्या म्हाताऱ्यांची साक्ष लिहून घ्यावी. ती म्हातारी माणसे फार दिवस थांबणार नाहीत.